ताट भरलेलं, कासव रुसलेलं

अंगठ्याएवढं कासव. कालच अंडं फोडून बाहेर आलंय. वजन दहा-पंधरा ग्रॅम, लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. त्याच्यापुढे कोवळी पानं बारीक चिरून मांडली आहेत. बाळ पानांकडे बघतं, पानांवर चढतं, पलीकडे उतरतं, कोपऱ्यात जातं आणि डोळे मिटून घेतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. घरात आजी असती तर एव्हाना मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसली असती.

जिथे जिथे जमिनीवरची कासवं सांभाळली जातात, मग ते प्राणिसंग्रहालय असो, पैदास केंद्र असो किंवा युरोपातलं एखादं घर असो, तिथे हा प्रसंग कधी ना कधी येतोच. आणि माणसं लगेच काय करतात? ताट बदलतात. पालक नको का, मग काकडी घे. काकडी नको, मग टोमॅटो. टोमॅटोही नको? स्ट्रॉबेरी तरी? बाळ ढिम्म. गंमत अशी की कासवाच्या बाबतीत गडबड बहुतेक वेळा ताटात नसतेच. ती घरात असते. म्हणजे त्या बाळाला आपण जिथे ठेवलंय, त्या जागेत.

पण घराकडे वळण्याआधी बाळाचं पोट बघून घेऊ. हलक्या हाताने उलटं करायचं, बघायचं आणि लगेच सुलटं करायचं. उलटं पडायला कुठल्याच कासवाला आवडत नाही.

पोटाकडच्या कवचाच्या मधोमध एक रेघ किंवा मऊसर ठिपका दिसेल. ही त्याची बेंबी. अगदी आत्ताच जन्मलेलं बाळ असेल तर तिथे पिवळसर रंगाचा छोटासा फुगा लोंबतानाही दिसतो. तो आहे अंड्यातला बलक. अंड्यात असताना बाळ याच बलकावर वाढतं. पण सगळा बलक काही ते संपवत नाही. बाहेर पडायच्या सुमाराला उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढून घेतं. कवच फोडल्यावरही काही बाळं दिवस-दोन दिवस अंड्यातच बसून राहतात, ती याचसाठी. थोडक्यात, पोरगं घरातून निघतानाच डबा घेऊन निघालेलं असतं. तो संपेपर्यंत त्याला भूक कशी लागणार? काही बाळं दोन-तीन दिवसांत पानाला तोंड लावतात, काहींना आठवडा लागतो, काहींना त्याहून जास्त.

हे असं का बरं असावं? त्यासाठी कासवाचं घरटं आठवा. आई जमिनीत खड्डा खणते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. ती परत येत नाही. बाळं फुटतात ती मातीच्या आत, अंधारात. तिथे ना पान, ना पाणी. वरची माती उन्हाने कडक झालेली असेल, तर पाऊस पडून ती मऊ होईपर्यंत आतच थांबावं लागतं. बलक शिल्लक नसता, तर जगातली कितीतरी कासवं जमिनीवर येण्याआधीच उपाशी मेली असती.

तुमच्यापैकी कुणी रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर गेलं असेल, तर हा प्रकार डोळ्यांनी पाहिला असेल. तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी जपतात. घरट्यावरची टोपली उचलली की वाळूतून वर आलेली इवली पिल्लं दिसतात, आणि त्यांना पाण्याच्या दिशेने सोडतात. त्या वेळी गर्दीतलं एखादं लहान मूल हमखास विचारतं, "त्यांना काही खायला नाही का दिलं?" नाही दिलं, कारण गरजच नाही. पिल्लं लाटेत शिरतात आणि खोल समुद्राकडे पोहत सुटतात, ती त्या बलकाच्या जोरावर.

उपाशी राहण्यात सगळ्यांवर कडी करतं ते उत्तर अमेरिकेतलं एक तळ्यातलं कासव. अंगावर लाल-पिवळे पट्टे असल्यामुळे त्याला रंगीत कासव म्हणतात. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात त्याची पिल्लं उन्हाळा संपता संपता अंड्यातून बाहेर येतात, पण घरट्यातून बाहेर येत नाहीत! वर हिवाळा सुरू होतो, बर्फ पडतं, घरट्यातलं तापमान कधी कधी शून्याच्याही खाली जातं, आणि ही मंडळी आत तशीच बसून. वसंत ऋतू आला की माती उकरून वर येतात आणि मग आयुष्यातला पहिला घास घेतात. म्हणजे सगळा हिवाळा उपास. त्यांच्या मानाने आपलं तीन दिवसांचं बाळ म्हणजे किरकोळच.

ज्यांना हे ठाऊक आहे ती माणसं काय करतात, ते बघायला प्रशांत महासागरात जायला हवं. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशाची गालापागोस नावाची बेटं आहेत. तिथली राक्षसी कासवं जगप्रसिद्ध आहेत. सांताक्रूझ बेटावर त्यांचं पैदास केंद्र आहे. तिथे अंडी उबवणीच्या पेटीत ठेवतात. अंडी किती उबेत ठेवायची हे ठरलेलं असतं, कारण कासवाचं बाळ मुलगा होणार की मुलगी, हे त्या उबेवर ठरतं. २८ अंशांच्या आसपास मुलगे, २९.५ अंशांच्या आसपास मुली. दीड अंशाचा खेळ! तर सांगत होते ते असं, की बाळं फुटली की केंद्रातले लोक त्यांना ताटं वाढत बसत नाहीत. त्यांना उचलून एका अंधाऱ्या पेटीत ठेवतात आणि काही आठवडे तिथेच राहू देतात. घरट्यात असतो तसा अंधार, तशीच शांतता. बलक पोटात मुरतो, बेंबी बंद होते, कवच सरळ होतं. (अंड्यात घडी घालून बसल्यामुळे जन्मतः ते थोडं वाकलेलं असतं.) मगच बाळ उजेडात येतं. पहिल्या दिवसापासून चमचा घेऊन मागे लागणाऱ्या सगळ्यांनी ही अंधारी पेटी एकदा बघून यावी, असं मला फार वाटतं.

बरं, बलक संपला. आठवडे गेले. तरीही बाळ खात नाही. आता काय?

आता थर्मामीटर काढायचा.

तुमच्या माझ्या शरीराचं तापमान ३७ अंशांच्या जवळ असतं. बाहेर महाबळेश्वरची थंडी असो नाहीतर चंद्रपूरचा मे महिना. ही ऊब आपण खाल्लेल्या अन्नातून तयार करतो. आपलं निम्मं जेवण या शेगडीतच जातं म्हणा ना. कासव अशी शेगडी बाळगत नाही. त्याला ऊब मिळते ती उन्हाकडून. सकाळी उन्हात येऊन पसरायचं, अंग तापवायचं, मग चरायला निघायचं. म्हणून त्याचं थोडक्या अन्नात भागतं. पण यात एक अडचण आहे. पोटातलं अन्न पचवणारे रस उबेशिवाय नीट काम करत नाहीत. अंग गार असताना कासवाने पोटभर खाल्लं, तर ते अन्न न पचता आतच पडून राहील, आंबेल, सडेल. तेव्हा गारठलेलं कासव जेवायला नाही म्हणतं, तो हट्ट नव्हे. अगदी शहाणपणाचं वागणं आहे ते.

याची एक मजेदार गोष्ट इंग्लंडमधली आहे. गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाद्री सेलबोर्न नावाच्या खेड्यात राहत. त्यांना पक्षी, किडे, झाडं, पाऊस, सगळ्याचं निरीक्षण करून लिहून ठेवायची सवय होती. १७८९ साली त्यांचं सेलबोर्नच्या निसर्गाविषयीचं पुस्तक निघालं, ते आजही वाचलं जातं. त्यांच्या आत्याकडे टिमोथी नावाचं एक कासव होतं. १७८० साली आत्या वारल्यावर व्हाइटसाहेब त्या कासवाला आणायला गेले. मार्च महिना होता. टिमोथी जमिनीत स्वतःला गाडून घेऊन शीतनिद्रेत होता. त्याला उकरून काढलं, खोक्यात घातलं आणि घोडागाडीने ८० मैल, म्हणजे जवळजवळ १३० किलोमीटर, धक्के खात सेलबोर्नला आणलं. त्या धक्क्यांनी तो पुरता जागा झाला. बागेत सोडल्यावर दोनदा टोकापर्यंत चालूनही आला. पण संध्याकाळी गारवा वाढला, तसा पुन्हा मातीत शिरला. नवं घर, नवा मालक, नवी बाग, कशाचंही कौतुक नाही. गार आहे ना? मग झोप! ऐन उन्हाळ्यात मात्र हाच टिमोथी अधाशासारखा खायचा, आणि ज्या पानांतून पांढरा चीक निघतो ती त्याला फार आवडायची, हेही व्हाइट यांनी नोंदवून ठेवलंय. टिमोथी गेल्यावर तपासणी झाली तेव्हा कळलं, की तो 'तो' नव्हताच, ती कासवीण होती. तिचं कवच आजही लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे.

आता एखाद्या जर्मन किंवा इटालियन घरात डोकावू या. मी मुद्दाम तिकडे घेऊन चाललेय, कारण दक्षिण युरोपात स्पेन-इटलीपासून ग्रीसपर्यंत एक छोटं कासव राहतं, हर्मनचं कासव. योहान हर्मन हे स्ट्रासबर्गचे निसर्गशास्त्रज्ञ, त्यांच्यावरून हे नाव. या कासवाची पाळीव जोड्यांपासून झालेली पिल्लं तिकडे रीतसर कागदपत्रांसह पाळता येतात. जर्मनीत तर बाळाचा फोटो सरकारदरबारी द्यावा लागतो. चेहऱ्याचा नव्हे, पाठीचा आणि पोटाचा! कारण कवचावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी. वाढेल तसे नवे फोटो.

तर या घरात बाळ खात नाही. खोली उबदार आहे, भिंतीवरचा थर्मामीटर २४ अंश दाखवतोय. पण भिंतीवर काय दाखवतो याच्याशी कासवाला काय देणंघेणं? ते राहतं जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर. तिथे मोजायला हवं. अनुभवी माणसं घराच्या एका टोकाला वरून दिवा टांगतात, त्याच्याखाली ३० ते ३५ अंश ऊब राहील असा. दुसरं टोक गारच ठेवतात, २० ते २२ अंश. बाळाने स्वतः ठरवायचं, केव्हा तापायचं आणि केव्हा निवायचं. सगळीकडे सारखीच ऊब ठेवली तर त्याची निवडच काढून घेतल्यासारखं होतं. आणि ऊब वरूनच हवी. खालून तापणारी गादी ठेवली तर घोटाळा होतो. कासवाच्या लाखो वर्षांच्या हिशेबात सूर्य वर असतो आणि खाली माती गार. उकडलं की ते खाली उकरतं. खालीच तापलेलं असेल तर बिचारं आणखी उकरतं, आणखी भाजतं.

उबेबरोबर उजेडही लागतो, आणि तोही विशिष्ट. उन्हात आपल्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातल्या एका प्रकारामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जातं. कवच म्हणजे हाडच की! त्यात बरगड्या आणि पाठीचा कणा जोडलेले असतात. हे किरण मिळाले नाहीत तर कवच मऊ पडतं, पाय लटपटतात आणि खाणं सुटतं. खिडकीत ऊन येतं म्हणून पिंजरा काचेमागे ठेवला तर उपयोग होत नाही, कारण साधी काच नेमके हेच किरण अडवते. त्यासाठी वेगळा दिवा मिळतो. त्यातही एक मेख आहे. काही महिन्यांनी दिव्याचे अतिनील किरण कमी होत जातात, पण उजेड तसाच दिसत राहतो. म्हणजे आपल्याला वाटतं दिवा चालू आहे, आणि बाळाच्या दृष्टीने तो कधीच विझलेला असतो.

आता काचेविषयी आणखी थोडं. बाळाला माशांच्या काचेच्या टाकीत ठेवतात बरेच जण. आत काय चाललंय ते आपल्याला छान दिसतं. पण कासवाला काच म्हणजे काय ते कळत नाही. पलीकडचं दिसतंय तर जाता यायला हवं, एवढंच त्याला कळतं. मग ते काचेला धडका देत, पाय खरवडत तासन् तास चालत राहतं. खायला वेळ कुठला? म्हणून लाकडी फळ्यांचा, वरून उघडा, पसरट खोका बरा. आरपार दिसत नाही, वारा खेळतो.

आणि लपायला जागा! ही गोष्ट माणसं हमखास विसरतात. स्वच्छ, मोकळा खोका, मध्ये बाळ, बाजूला ताट. आपल्याला टापटीप वाटतं. पण एवढ्याशा कासवाला रानात कोण कोण खातं माहीत आहे? कावळे, उंदीर, मुंगूस, साप, कोल्हे. उघड्यावर बसून निवांत जेवणारी बाळं रानात टिकली नाहीत. टिकली ती गवताखाली दडून, पटकन दोन घास घेऊन परत दडणारी. तेव्हा फुटक्या कुंडीचा तुकडा, झाडाची साल, दोन-चार दाट रोपं दिली, की बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी ताटातली पानं कुरतडलेली दिसतात. तुम्ही बघत असताना ते खाणार नाही. डोळे लावून बसलेला तुमचा भला मोठा चेहरा त्याला कसला वाटत असेल, विचार करा.

घरातल्या हवेचा एक किस्सा तर सांगायलाच हवा. पाळलेल्या कासवांच्या पाठीवर पुष्कळदा उंचवटे येतात, प्रत्येक खवल्याची टोकदार टेकडी होते. रानातल्या कासवांची पाठ सहसा अशी नसते. वर्षानुवर्षं सगळे म्हणत, जास्त प्रथिनं खायला घातली म्हणून असं होतं. म्हणजे दोष पुन्हा ताटाचा. २००३ साली व्हिएन्नातल्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या दोघींनी आफ्रिकेतल्या मोठ्या कासवांची ५० पिल्लं घेतली. त्यांचे ५ गट केले. कुणाला प्रथिनं जास्त, कुणाला कमी. कुणाच्या घरात हवा कोरडी, कुणाच्या घरात दमट. ५ महिन्यांनी पाठी मोजल्या. प्रथिनांनी फारसा फरक पडलाच नव्हता! कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर टेकड्या आल्या होत्या. आणि ही कासवं कुठली? सहारा वाळवंटाच्या काठची. वाळवंटातली म्हणून लोक त्यांना कोरडं ठक्क ठेवायचे. पण तिथली कासवं दिवसाचा बराच वेळ खोल बिळात असतात, आणि बिळात ओल असते. नकाशा पाहून कासवाचं घर बांधलं की असं होतं. बांधायला हवं बीळ पाहून.

म्हणून खोक्यात मातीचा जाड थर घालतात, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळतात आणि एक कोपरा ओलसर ठेवतात. आणि बाळाला अंघोळ घालतात. हो, अंघोळ! कोमट पाणी, हनुवटीपर्यंतच, पसरट भांड्यात, दहा-पंधरा मिनिटं. न खाणाऱ्या बाळाला तर रोज. पुष्कळदा दुखणं एवढंच असतं की त्याला तहान लागलेली असते. पाण्यात बसलं की ते मान लांब करून डोकं बुडवतं आणि गळा हलताना दिसतो. गटागटा पितंय! हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटावरची महाकाय कासवं तर नाकाने पाणी ओढून घेतात. उथळ डबक्यात तोंड उघडायला जागा नसते, म्हणून त्यांनी काढलेली युक्ती. अंघोळीत बाळ बहुधा शूही करतं, आणि तिच्याबरोबर पांढरी पेस्टसुद्धा बाहेर येते. घाबरू नका. कासव पाणी वाचवण्यासाठी शरीरातला कचरा असा घट्ट करून टाकतं. ती पेस्ट मऊ असेल तर सगळं ठीक. खडूसारखी खरखरीत असेल तर बाळाला पाणी कमी पडतंय.

एव्हाना तुमच्यातल्या निम्म्यांनी आईला विचारलं असेल, "आपण आणू या ना एक?" नाही आणायचं. आपल्या देशातली कासवं पकडणं, विकणं, घरी ठेवणं हा गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तसं सांगतो. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं तारा कासव फार देखणं असतं. गवतात उन्हाचे कवडसे पडले की त्या चांदण्यांमुळे ते दिसेनासंच होतं. पण घरात ठेवलं की पैसा येतो, अशी समजूत असल्यामुळे आणि परदेशातल्या हौशी लोकांमुळे त्याची प्रचंड चोरटी विक्री होते. पिशवीत कोंबून, विमानाने, भुकेलं आणि तहानलेलं. २०१९ साली जगभरच्या देशांनी मिळून त्याच्या व्यापारावर सगळ्यात कडक बंदी घातली. पैसा आणणारं कासव कुणाच्या घरी न्हाणीघरातल्या बादलीत दिसलं, तर त्याच्या उपासाचं कारण तुम्ही आता सांगू शकाल. ऊन नाही, माती नाही, लपायला जागा नाही. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा मदतीचा क्रमांक आहे. आईबाबांना सांगून फोन करा. स्वतः नेऊन रानात किंवा तळ्यात सोडू मात्र नका. जमिनीवरचं कासव तळ्यात सोडलं तर ते बुडतं, आणि पुण्य मिळवायला केलेले असे प्रकार नेहमी होतात.

आता एकदाचं ताटाकडे येऊ. घर नीट झालं, अंघोळ झाली, मग काय वाढायचं? हर्मनच्या कासवासाठी युरोपातली माणसं बागेतलं तण उपटतात. डँडेलियन नावाचं पिवळ्या फुलांचं तण त्यांचं लाडकं. आपल्या शेतात उगवणाऱ्या पाथरीच्या गोतावळ्यातलं, तसाच पांढरा चीक असलेलं. टिमोथीची आवड आठवली? शिवाय इसबगोलाच्या घराण्यातल्या एका झाडाची लांबट पानं, तिपानी, जास्वंदीचं फूल. भरपूर चोथा, भरपूर कॅल्शियम, साखर नाही, प्रथिनं थोडी. काकडी आणि बाजारातलं कुरकुरीत सलाड म्हणजे जवळजवळ नुसतं पाणी. गोड फळांनी पोट बिघडतं. दूध, पोळी, भात, कुत्र्याचं खाणं यांतलं काहीही नाही. आणि एका कोपऱ्यात समुद्रफेन ठेवतात. समुद्रातल्या एका प्रकारच्या माकुळाच्या अंगातलं ते पांढरं, हलकं कवच. बाळ ते कुरतडतं आणि कॅल्शियम मिळवतं. गालापागोसच्या केंद्रातला मेनू वाचून मला तर घरचीच आठवण झाली. तिथे पांगाऱ्याच्या जातीच्या झाडाची पानं आणि अळूच्या कुळातली मोठाली पानं देतात.

त्या केंद्राची सुरुवातही बाळांच्या खाण्यावरूनच झाली, पण उलट्या अर्थाने. पिन्झोन नावाच्या बेटावर बाळांना खाणारं कुणीतरी आलं होतं. जहाजांबरोबर उतरलेले काळे उंदीर. कित्येक दशकं तिथे बाळं मोठी होईनाशी झाली, नुसती म्हातारी कासवं उरली. १९६५ पासून तिथली अंडी उचलून सांताक्रूझला आणायला सुरुवात झाली. बाळांना उंदरांच्या तोंडात मावणार नाहीत एवढी मोठी करायची, चार-पाच वर्षांची, आणि मग बेटावर परत सोडायची. पहिली २० कासवं १९७० च्या डिसेंबरात परत गेली. पुढे २०१२ साली बेटावरचे उंदीर संपवले. दोन वर्षांनी तिथे फिरणाऱ्या शास्त्रज्ञांना दगडांमध्ये नुकती जन्मलेली पिल्लं सापडली. त्यांना पानं चिरून द्यायला कुणी नव्हतं, आणि ती खुशाल खात होती.

न खाणाऱ्या बाळाला पहिला घास घ्यायला लावायच्या काही छोट्या युक्त्याही आहेत. पान गुळगुळीत ताटलीत न ठेवता चपट्या दगडावर ठेवायचं. पिवळं किंवा लाल फूल ठेवायचं, कारण कासवांना रंग उत्तम दिसतात आणि अशा भडक रंगांकडे बरीच बाळं वळतात. सकाळी अंग तापलं की मगच वाढायचं. पान नाकापाशी हळूच हलवून बघायचं, पण तोंड जबरदस्तीने उघडायचं नाही, इवलासा जबडा मोडू शकतो. आणि स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घेऊन वजन लिहून ठेवायचं. वजन घटत असेल, डोळे खोल गेले असतील, नाकातून फुगे येत असतील किंवा कवच दाबलं जात असेल, तर युक्त्या बंद आणि थेट पशुवैद्यांकडे.

पहिला घास बघण्यासारखा असतो. कासवाला दात नसतात, धारदार चोच असते. बाळ मान ताणतं, तोंड वासतं, झडप घालतं आणि चुकतं. घासाऐवजी हवा. पुन्हा झडप, या वेळी स्वतःच्याच पायाजवळची माती. मग पुढचा पाय पानावर रोवतं, चोचीत कड पकडतं, मान मागे खेचतं. टर्र! तुकडा निघाला. निम्मा गालावर चिकटला, निम्मा गेला आत.

एवढ्यावर सांभाळणारी माणसं खूश होतात असं वाटतं? छे. ती वाट बघतात दुसऱ्या टोकाची. पोटात ऊब आहे, पाणी आहे, गाडी सुरू झाली आहे, याचा पक्का पुरावा काही दिवसांनी खोक्यात सापडतो. गडद हिरवी, चोथा दिसणारी शी. कासव सांभाळणारे लोक तिचा फोटो काढून एकमेकांना पाठवतात, आणि हे मी चेष्टेने सांगत नाही. अमेरिकेतल्या काही कासवांची पिल्लं तर मोठ्या कासवांची विष्ठा मुद्दाम खातात. पानांचा चोथा पचवणारे जिवाणू पोटात जन्मतः नसतात, ते असे मिळवावे लागतात. तुम्ही जेवताना हे वाचत असाल तर माफ करा.